ऑल-स्टार टीमचा गोलकीपर

पेंडल हिल, ऑगस्ट २०२१

प्रिय कोच डग,

हे मराठीत लिहितोय, कारण तुम्हाला पाठवायचं नाहीये. पेशंटबद्दल बाहेर बोलायचं नसतं, असं माझ्या मुलाने, तनयने बजावलंय.

तुम्ही माझ्या तनयला शाळांच्या ऑल-स्टार मॅचला गोलकीपर म्हणून घेतलंत, तेव्हा मला वाटलं, पोरगा बोर्डात आला! अख्ख्या स्ट्रीटवर पेढे वाटले मी. "गुड हँड्स, मेट," तुम्ही म्हणालात. त्या टीममधले दोघं पुढे मोठ्या क्लबांकडून खेळले. तनय मात्र फुटबॉलच्या नादात इंजिनिअरिंग सोडून बसला आणि हॉस्पिटलात पेशंटना हलवणारा वॉर्ड्समन झाला. जुन्या खेळाडूंच्या बार्बेक्यूला तुम्ही दर वर्षी बोलवायचात. रागापायी मी कधी फिरकलो नाही.

काल कोविडच्या आयसीयूत, श्वास सुधारावा म्हणून तुम्हाला पालथं करायचं होतं. नळ्या सांभाळत सगळ्यांनी मिळून उचललं, तेव्हा तुमच्या खांद्यांखाली तनयचे हात होते. तुम्ही बेशुद्ध, तुम्हाला कुठलं कळायला!

शिफ्टवरून आल्यावर त्याने हे सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "ही वॉज हेवी, बाबा. बट आय हॅड हिम."

बरे व्हा. पुढच्या बार्बेक्यूला मी येतोय, पेढे घेऊन.

तनयचा बाबा,
अजित