काढून टाकलेला रकाना

३ जुलै

आणखी एक नकार. पुण्याची नोकरी जाऊन चार महिने झाले, नकार सोळा. हा मुलाखतीनंतरचा, म्हणून जरा जास्त लागला. मुलाखत घेणारा माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. ओपन सोर्समध्ये काही केलंय का, म्हणाला. मी अभिमानाने आमचा, पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीचा, शब्दसंच उघडून दाखवला. त्याने वर-खाली केलं. "यात कोड कुठे आहे? नुसते शब्दच आहेत."

खरंय. नुसते शब्दच आहेत.

आई म्हणाली, "जेवून घे. त्याईचंच नशीब फुटकं." आईच्या हिशेबाने आता देशातल्या सोळा कंपन्यांचं नशीब फुटकं आहे.

५ जुलै

अनिकेतचा फोन. शब्दसंचातले शब्द माझे, कोड त्याचा. सहा वर्षांत समोरासमोर दोनदा भेटलो, भांडलो मात्र रोज. आज ओरडतच होता. एका मोठ्या कंपनीच्या मोबाइल कीबोर्डात 'विदर्भातले शब्द' आलेत. याने ते ॲप उघडून आतली यादी काढली. यादी आमची.

ओळखू येणारच. आमची यादी अकारविल्हे नाही. माझ्या शाळेतल्या गुरुजींनी गावोगाव फिरून भरलेल्या वह्यांच्या क्रमाने आहे: आधी बांधी म्हणजे धानाचं शेत, मग रोवणी म्हणजे लावणी, मग कापणी-मळणी, मग बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या, मासोळ्या, मग चूल, आणि सगळ्यात शेवटी शिव्या. कंपनीच्या यादीतही शेवटी शिव्याच.

अ. म्हणाला, "ही चोरी आहे, रजनी."

चोरी नाही. लायसन्स मी निवडलं होतं. पाच-सहा नावं समोर आली, त्यातलं सर्वांत आखूड घेतलं, दहा सेकंद लागले असतील. कुणीही घ्या, काहीही करा, विका, फक्त मालकाच्या नावाची एक ओळ ठेवा. कंपनीने ठेवली आहे. सेटिंगच्या आत, त्याच्या आत, त्याच्याही आत जाऊन पाहिलं. माझं नाव व्यवस्थित आहे, स्पेलिंगसकट.

६ जुलै

अ.ने जाहीर पोस्ट टाकली. दिवसभर लोक भांडले. अर्धे म्हणे कंपन्या लुटारू. अर्धे म्हणे फुकट वाटलं तेव्हा कळलं नाही का, आता कशाला गळा काढता. दोन्हीकडच्या एकानेही सहा वर्षांत एक शब्द टाइप करून दिलेला नाही. एकाने मात्र या गर्दीतच विचारलं की दोन वर्षांपूर्वी सांगितलेली चूक कधी दुरुस्त करणार.

ओपन सोर्सचा माझा अनुभव एवढाच. फुकट देणाऱ्याला लोक आधी थोर म्हणतात, मग हळूहळू नोकर समजायला लागतात. अ.ला हे पटत नाही. त्याला अजून चळवळ वगैरे दिसते. त्याची नोकरी शाबूत आहे.

९ जुलै

गुरुजींकडे गेले. चौथीत त्यांनी मला शिकवलं, आता अठ्ठ्याहत्तरीत आहेत. निवृत्त झाल्यावर एसटीने, सायकलीने फिरून त्यांनी अकरा वह्या भरल्या. तिकडे आंबागडच्या पायथ्यापासून इकडे गोसीखुर्द धरणाच्या बुडितातल्या गावांपर्यंत. त्यातल्या काही गावांवर आता पाणी आहे.

त्यांच्या मोबाइलवर तो कीबोर्ड टाकून दिला. वाटलं होतं चिडतील. कसचं काय! लहान मुलासारखे एकेक शब्द टाइप करत बसले, आधी धानाच्या गंजीचा पुंजना. दोन अक्षरं मारली की तिसरं समोर येतं. "पाय वो, पुंजना आला! बोडी आली! आता आपल्या पोराईले लाज वाटनार नाई." सुनेला बोलावून दाखवलं. मग चष्मा वर करून मला विचारलं, "अन् नावं कोठी दिसतेत?"

"कुणाची?"

"ज्याईनं सांगतले त्याईची. मी शब्द बनवलो नाई, बाई. मी तं लिवून घेतलो."

म्हटलं, "आत आहेत गुरुजी. वरून दिसत नाहीत."

"मंग ठीक हाय."

१० जुलै

आत नाहीत. कुठेच नाहीत.

वहीत चार रकाने होते. शब्द, अर्थ, कोणी सांगितला, गाव. दोन वर्षं शनिवार-रविवार बसून मी चारही टाइप केले होते. जाहीर करायच्या आदल्या दिवशी शेवटचे दोन काढून टाकले. कीबोर्डाला त्यांचा उपयोग नव्हता, फाइल हलकी झाली, नीटनेटकी दिसायला लागली. आम्ही याला डेटा स्वच्छ करणं म्हणतो. दोनशेच्या वर माणसं मी झाडून काढली आणि मला त्या दिवशी चांगली झोप लागली.

एकदा रेपोत, म्हणजे शब्दसंच जाहीर ठेवलाय त्या ऑनलाइन कपाटात, टाकलेलं काहीही जात नाही, जुन्या नोंदीत राहतंच. पण मी टाकायच्या आधीच काढलं. एक दिवस उशिरा स्वच्छतेची हौस आली असती तर आज सगळं मिळालं असतं. मूळ फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर होती. ज्या दिवशी मला नोकरीवरून काढलं त्या दिवशी सकाळी दहालाच पासवर्ड बंद झाला होता. लॅपटॉप परत, पुसून दुसऱ्याला.

नऊ वर्षांत कंपन्यांसाठी जे लिहिलं त्यातलं एकही आज चालू नाही. सगळे प्रकल्प बंद तरी झाले किंवा पुन्हा नव्याने लिहिले गेले. टिकलं ते हे एकच. आणि त्यात मी हे केलं. स्वतःची चीड येते.

१३ जुलै

अ.ला सांगितलं. त्याने जुन्या नोंदी चाळून पाहिल्या, काही मिळालं नाही. मग उपाय सुचवला: पुढच्या आवृत्तीपासून कडक लायसन्स, नावं छापणं सक्तीचं.

"आणि जुनी आवृत्ती?"

"ती गेली."

म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. कंपनीला पुढची आवृत्ती हवीय कशाला? भाषा काही दर तीन महिन्यांनी अपडेट होत नाही.

वह्या मात्र गुरुजींकडे आहेत. नावं पुन्हा टाइप करता येतील. एवढी रोवणी आटोपली की मागते.

१८ जुलै

त्याच कीबोर्डवाल्या कंपनीचा मेल आला! कार्तिक नावाचा कुणी, हैदराबादहून. माझं काम त्यांना फार आवडलं. भाषांच्या विभागात जागा आहे. पगार पुण्यापेक्षा जास्त. आणि एक छोटी अट, शब्दसंचाचा रेपो कंपनीच्या नावावर करून द्यायचा, देखभाल ते करतील.

चार वेळा वाचला. आईला सांगितलं तर तिने आधी देवाजवळ साखर ठेवली आणि मग विचारलं, रेपो म्हणजे काय. म्हटलं, वह्या. "मंग दे ना. त्या काय खाच्या हायेत?"

२१ जुलै

आमच्या बांधीत रोवणी. मीही पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायला उतरले. बाया हसून राहिल्या होत्या, माझी ओळ वाकडी. "बाई, कम्प्युटरात पऱ्हे सरळ लागतेत का?" म्हटलं, तिथेही वाकडेच लागतात, फक्त दिसत नाहीत. कंबर मोडली. तीन तास नोकरीचा विचार आला नाही, म्हणून बरं वाटलं.

२४ जुलै

कार्तिकशी बोलले. सभ्य माणूस. मी म्हटलं, येते, पण एक करा. शब्द देणाऱ्यांची नावं ॲपमध्ये कुठेतरी छापा. चार दरवाजे आत का असेना.

त्याने कायदा विभागाला विचारून तासाभरात उत्तर दिलं. छापता येणार नाहीत. ती व्यक्तिगत माहिती आहे. प्रत्येकाची लेखी संमती लागेल.

अर्ध्याअधिक लोक वारलेत, म्हटलं.

"मग वारसांची," तो म्हणाला. खरंच वाईट वाटत होतं त्याला.

शब्द घेताना कुणाला विचारावं लागलं नाही. नाव घ्यायला मात्र संमती हवी. आणि यातलं चीड आणणारं हे की तो चुकीचं बोलत नाहीये. मीही कुणाला विचारलं नव्हतं. गुरुजींनी विचारलं असेल, तेही चहा पिता पिता.

२७ जुलै

वह्या मागायला गेले. गुरुजींनी नातवाची पुस्तकं सरकवून माळ्यावरून ट्रंक काढायला सांगितली. मीच चढले. झाकण उघडलं तर आत माती. उधई, म्हणजे वाळवी. वरून पुठ्ठे शाबूत, आतून पोकळ. अकरापैकी चार वह्या वाचण्यासारख्या. सातांचा चुरा.

मी ट्रंक धरून तशीच उभी. खालून विचारतात, "काय झालं वो?"

सांगितलं. त्यांनी खाली आणायला लावलं, एक वही उचलली, झटकली, परत ठेवली. मला वाटलं रडतील.

"जाऊ दे," म्हणाले. "पहले मी दर उन्हाळ्यात ऊन दाखवत होतो. तुह्या कम्प्युटरात गेलं तवापासून पाह्यलोच नाई. आता कायले जपाचं, म्हटलो. तुह्याजवळ हाय ना सारं."

हो, म्हटलं.

त्यांच्यापुढे मी 'हो' म्हटलं.

३१ जुलै

रोज दुपारी गुरुजींकडे जाते. सबब: "अर्थ तपासते." एकेक शब्द वाचते आणि सहज विचारल्यासारखं करते, हा कोणी सांगितला हो? मासोळ्यांचे? "धरणात गेलेल्या गावच्या कोन्या बाईनं." कोण बाई? डोळे मिटतात, आठवत नाही. "पाय ना तूच, लिवलेलं हाय."

चार दिवसांत एकोणीस नावं. त्यातली सात तर वाचलेल्या वह्यांतही आहेत. आज चिडले. "परीक्षा घेऊन राहिली का माही? दाखव एक खेप कसं दिसते ते." नेट नाही म्हटलं.

४ ऑगस्ट

कंपनीचे कागद आले. सही शुक्रवारपर्यंत. नवव्या पानावर एक वाक्य आहे: हा संच पूर्णपणे माझं स्वतःचं काम आहे आणि यावर इतर कोणाही व्यक्तीचा हक्क नाही. पुढे चौकोन, त्यात टिकमार्क करायचा.

पुरावा मागितला तरी अडचण नाही. संपूर्ण रेपोत माझ्याखेरीज कुणाचं नाव नाही. मीच तशी सोय करून ठेवली.

बाबा जेवताना म्हणाले, "हैदराबादले थंडी पडते का?" स्वेटर आणायचं त्यांच्या मनात आहे. मुलीची नोकरी गेली हे त्यांनी अजून गावात कुणाला सांगितलेलं नाही, सुट्टीवर आली म्हणतात. पाच महिन्यांची सुट्टी!

६ ऑगस्ट

अ.ला कागद दाखवले. म्हणाला, सही केलीस तर तो आजच वेगळी प्रत काढून आपली वाट धरेल. काढ, म्हटलं.

"तू विकली गेलीस."

"तू विकत घे मग. महिन्याचा पगार दे."

फोन ठेवला त्याने. सहा वर्षांचं भांडण असं एका वाक्यात संपेल वाटलं नव्हतं. त्याच्या प्रतीतही नावं नसणारच. आम्ही दोघंही रिकाम्या घराच्या मालकीवरून भांडतोय.

सही नाही केली तर काय? नावं परत येत नाहीत. केली तरी येत नाहीत. मग केलेली बरी, असं आईचं, बाबांचं आणि सकाळपासून माझंही मत आहे. पण गुरुजींना आधी सांगायचं, हे ठरवलंय. उद्या दुपारी जाते.

७ ऑगस्ट

जायची वेळच आली नाही. अकराच्या सुमारास गुरुजीच आले. बरोबर एक म्हातारी. यमुनाबाई, धरणात गाव गेलेली, आता पुनर्वसनात राहते. दोन एसट्या बदलून आणलं तिला.

"इनं किती शब्द देल्ले होते मले. तू रोज विचारून राहिली, कोन बाई, कोन बाई. शोधून आनलो. दाखव इले इचं नाव."

वाचलेल्या चार वह्या मला पाठ आहेत. त्यात यमुनाबाई नाही.

तिला ओसरीवर बसवलं. पाणी दिलं. लॅपटॉप आणला, मांडीवर ठेवला, उघडला. ती माझ्या अंगाला लागून बसली. "चष्मा नाई आनला, माय. तूच वाचजो." म्हणजे मी काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. शब्दांची यादी समोर होती, तोंडाने तिचं नाव घ्यायचं, बस. गुरुजींनाही एवढं बारीक दिसत नाही. मी तोंड उघडलंसुद्धा.

तर ती म्हणाली, "माह्या मोठ्या बहिनीचंही वाचजो. मासोळ्याईचे सारे तिनंच सांगतले. मी तं शेतीचे तेवढे. ते गेली, तिले पोरसोर नाई."

"नाव काय हो त्यांचं?"

हसली. "तुह्यात लिवलेलं असन ना."

चार्जिंग संपलं, लावून आणते म्हटलं आणि आत आले. दार लोटून हे लिहितेय. कंपनीचा कागद स्क्रीनवर दुसऱ्या खिडकीत उघडाच आहे, चौकोन रिकामा. बाहेर गुरुजी तिला समजावतायत, "मशीन हाय, टाइम लागते." आईने चहा दिला वाटतं, कपांचा आवाज आला.

आई हाक मारते आहे, "रजनी, किती वेळ वो?"

चार्जिंग ऐंशी टक्के आहे. वायर शोधतेय, असं ओरडून सांगितलं.