दुसरी चूल, फक्त शूटिंगपुरती

२ फेब्रुवारी, सकाळ
स्क्रिप्ट पूर्ण. दोन भाऊ, एक घर, वाढत जाणारा दुरावा. थोरला तापट, वहिनी कजाग, धाकटा सोशिक. सोशिक मीच करणार. माझ्या घराशी कथेचा काहीएक संबंध नाही. थोरल्याचं काम माझा थोरला भाऊ पोचूभाऊ करेल आणि वहिनीचं अन्नपूर्णा वहिनी, कारण ते घरातच असतात.

५ फेब्रुवारी
ब्रह्मपुरीहून कुलदीप आला, मामाच्या रोलसाठी. झाडीपट्टीच्या नाटकातला गडी. हळू बोल म्हटलं, तर म्हणाला, मंडपातल्या मागच्या माणसाला ऐकू कसं जाईल? मंडप नाही, मोबाइल आहे, असं सांगितलं. फरक पडला नाही. कुत्री पळाली.

७ फेब्रुवारी
अंगणात दुसरी चूल मांडली. घर फुटल्याचं प्रतीक. माती वहिनीनंच कालवली, लिंपलीही तिनंच. चेहरा उतरला होता. म्हटलं, फक्त शूटिंगपुरती, उद्या मोडतो.

८ फेब्रुवारी
मोडली नाही. कंटिन्युइटी नावाची गोष्ट असते.

१० फेब्रुवारी
भांडणाचा सीन. वहिनीला डायलॉग पाठ होईनात. म्हटलं, मनातलं बोल. ती बोलली.
"सासूबाई गेल्यावर लेकरावानी वाढवलं याले. जाळं ओढाले येत नाई, जेवाले पयला बसते. अन मलेच सिनेमात कजाग केलं यानं."
पोचूभाऊ मान खाली घालून उभा. कट म्हणायचं मला सुचलंच नाही. फार अपराधी वाटलं. लाइट मात्र सुंदर होता.
संकल्प: उद्यापासून जाळं ओढायला जायचं. वहिनीची माफीही मागायची.

११ फेब्रुवारी
एडिटिंग. दोन्ही राहिलं.

१५ फेब्रुवारी, दुपार
आज गेलो तलावावर. शूट करायला, पण गेलो. आमच्या गावात माशांचा वाटा दर चुलीमागे एक. वाटे घालणाऱ्या लच्छूभाऊनं आमच्या अंगणातली दुसरी चूल पाहिली होती. त्यानं आमचे दोन वाटे घातले, एक पोचूभाऊचा, एक माझा. मी सांगितलं, ती सिनेमाची चूल आहे. लच्छूभाऊनं पोचूभाऊकडे पाहिलं. मीही पाहिलं. भाऊ हसून दोन्ही वाटे एक करेल असं वाटलं.
त्यानं आपला वाटा टोपलीत भरला आणि घरची वाट धरली.
सगळं शूट झालंय. पिक्चरमधला सर्वांत चांगला शॉट. स्वतःची लाज वाटते. डिलीट करणार, बॅकअप घेऊन.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
माझा वाटा पुढ्यात घेऊन अंगणात बसलो. मासे साफ कसे करतात ते मला येत नाही. पिढ्यान्पिढ्या मासे धरणाऱ्यांच्या घरचा मी. शेवटी वहिनीला हाक मारली. म्हटलं, शेवटचा सीन राहिलाय, भाऊ एकत्र जेवतात, तू वाढतेस, आत्ताच घेऊ.
ती दारात आली. रागावली असती तर बरं झालं असतं.
"माहा सीन झाला न, भाऊजी," म्हणाली आणि आत गेली.
आतून रश्श्याचा वास येतोय. पोचूभाऊ पाटावर बसल्याचं इथून दिसतंय. मला अजून कोणी जेवायला बोलावलेलं नाही.