‘जरा’ची नोकरी

३ फेब्रुवारी, सोमवार

नाहीच म्हणाला! म्हणजे तोंडावर नाही — दुसऱ्या नोकरीसाठी फोन केला होता, तो माणूस गोड बोलला. "काम घरूनच आहे ताई, फक्त आठवड्यातले पाच दिवस ऑफिसात यायचं." मला हसूच आवरेना. काय चुकलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

कॉम्प्युटरवाल्यांना घरून काम मिळतं, हिशेबवाल्यांना मिळतं. ऑफिस असिस्टंट म्हटलं की एकच प्रश्न — "घरून? ते कसं जमणार?" जणू मी आगी विझवते!

पण मला घरी थांबायचंच आहे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई जिना उतरलेली नाही. दिवसभर तिसऱ्या मजल्यावर एकटी. आणि मागायची सवय नाही. वॉकर ढकलत स्वतः पाणी आणेल, पडेल, पण हाक मारणार नाही. जन्मात कुणाला "जरा हे दे गं" म्हणाली नाही ती. मी ऑफिसात असताना पडली तर? हा विचार जेवणाच्या डब्याबरोबर रोज सोबत नेते.

५ फेब्रुवारी

शेवटी आमच्याच ऑफिसच्या मॅडमना सरळ विचारून टाकलं. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण समजूतदार. म्हणाल्या, "ताई, पुढचा आठवडा घरून करून बघा. जमलं तर कायमचं ठरवू."

आईला सांगितलं. "अगं बाई! कशाला?" एवढंच. खूश झाली असणार. तिला दाखवता येत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

खिडकीपाशी टेबल लावलं. पत्रं टाइप केली, मीटिंगा ठरवल्या. जेवायच्या आत सगळं हातावेगळं! मग बसले फोनकडे बघत. वाजेल तर शपथ.

ऑफिसात दिवसभर कानावर एकच शब्द असतो — जरा. "ताई, जरा बघता?" "ताई, जरा तो प्रिंटर..." "जरा त्यांना बसवून ठेवा, मी मागच्या दाराने निघते." आज एकही ‘जरा’ नाही. ‘जरा’ म्हणायला माणूस समोर लागतो. ईमेलमध्ये कोण लिहितो जरा?

दुपारी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी आल्या. मला बघितलं आणि दारातूनच मागे फिरल्या. "असू दे, मग येते."

११ फेब्रुवारी

आई फुरंगटलेली. "तू घरात असलीस की माझी कामं अडतात." तिची कसली कामं! वॉकर आणि रेडिओ! ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. वाईट वाटलं मला. खूपच.

१२ फेब्रुवारी

फजिती!! कुरियरवाला ऑफिसच्या दारात, त्याच्या कागदावर ऑफिसचा शिक्का हवा. शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरला कुलूप. आणि किल्ली? माझ्या पर्समध्ये, घरी! मॅडमचा फोन — "ताई, जरा..." आणि मी घरी आहे ते त्यांना आठवलं. मग दोघी हसत सुटलो.

रिक्षा केली, घरच्याच चपलांवर धावले. जाऊन बघते तर कुरियरवाला माझ्या खुर्चीत चहा पितोय, प्रिंटर पोट उघडं टाकून बसलाय, पाहुणे भलत्याच खोलीत. आणि अकाउंटवाले काका — "आलात! जरा हा पंखा बघता?" पंखा माझ्याकडे कधीपासून आला?

शिक्का मारला. पंखाही बघितला. लगेच परत यायचं होतं, संध्याकाळच झाली. खोटं कशाला बोलू, मजा आली.

१३ फेब्रुवारी

मॅडमनी ऑफिसात बोलावून निकाल दिला. "घरून होतं ते तुमचं निम्मंही काम नाही, ताई. उरलेलं काय, ते मला धड सांगताही येत नाही. सोमवारपासून याच तुम्ही."

वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण जिना चढताना गुणगुणत होते, हे फक्त इथेच लिहिते.

आईचा चेहरा मात्र असा उजळला! "जा गं जा, सुखाने जा." स्वतःची आई घराबाहेर काढतेय मला! मी तडकलेच. "पडलीस म्हणजे? हाक तरी मारशील का कुणाला?"

"बघू," म्हणाली.

१८ फेब्रुवारी

आईच्या बाहेरच्या चपला कपाटातून दाराशी कशा आल्या? तर म्हणे, "ऊन दाखवत होते." चपलांना ऊन! वय झालं आता.

२१ फेब्रुवारी

जरा प्रिंटर. जरा पंखा. जरा मॅडमच्या सासूबाईंचा फोन. पाय दुखतायत, बाकी छान.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी ऑफिसात आईचा फोन. ती कधीच करत नाही.

"अगं, घाबरू नकोस. खाली फाटकाशी उभी आहे, तुमच्याच ऑफिसच्या. वहिनी आहेत बरोबर, रिक्षाने आलो. रोज दुपारी थोडा थोडा करत जिना उतरायला शिकवलं त्यांनी. तुला सांगायचं नव्हतं. काठीवर आलेय, वॉकर नाही! पण आता पाय थरथरतायत. जरा खुर्ची आणतेस?"

जरा म्हणाली!

समोर दिसली ती खुर्ची उचलली आणि धावले. मॅडमची निघाली.