सगळ्या ताई, मी भाभी

शनि., १ नोव्हें.
वाचन मंडळ मेघनाताईंकडे, जुमेरा लेक टॉवर्सला. शारजाहून जाताना ट्रॅफिकने जीव खाल्ला. पुढच्या बैठकीची कादंबरी ठरली, मेक्सिकन-अमेरिकन लेखिकेची. टेक्ससमधलं सीमेजवळचं गाव, मुलगी तिथेच जन्मलेली, तरी जो तो विचारतो, कुठून आलीस? पुस्तकावर बोलायचं मी. मेघनाताई म्हणाल्या, "भाभी, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार!" का बरं? मी दापोलीची. मेक्सिको नकाशात बघितलाय फक्त.
बाकी सगळ्या एकमेकींना ताई. मी एकटी भाभी. कुणाची भाभी, अल्ला जाणे.

मंगळ., ४
शाळेतले इंग्रजीचे पेपर तपासून डोळे गेले, तरी कादंबरी खाली ठेववेना. लायब्ररीतली गोरी बाई मुलीला म्हणते, "किती छान इंग्रजी बोलतेस गं!" आणि मुलगी थँक यू म्हणते. इथे पुस्तक मिटलं. मीही म्हणते थँक यू. दर बैठकीला. मराठी शाळेत छड्या खाऊन व्याकरण शिकले, अब्बा पेपर वाचून झाल्याशिवाय चहाला हात लावत नसत, तो पेपरही मराठी. आणि ह्या मला शाबासकी देतात!

शुक्र., ७
ग्रुपवर कुणी काय आणायचं ते ठरलं. कोथिंबीरवडी, मसालेभात, अळूवड्या. मला नेहमीप्रमाणे ज्यूस आणि कागदी प्लेटा. "शारजा लांब पडतं ना भाभी, तुम्हाला कशाला त्रास." अळूवड्या सुलभाताईंना, त्या राहतात अजमानला. अजमान काय शारजाच्या अलीकडे आलं? इतकी वर्षं ज्यूसचे खोके वाहतेय आणि माझ्या डोक्यात आज उजेड पडला. माझ्या घरचं शिजवलेलं नको, एवढं साधं. मूर्ख बाई मी. चिडून रडूच आलं.

रवि., ९
हे काल खोर फक्कानहून आले. बंदरातली नोकरी, आठवड्यातून एकदा घर. सगळं सांगितलं. म्हणाले, "मग नको जाऊस. खलास. कोण जबरदस्ती करतंय?"
यांना काय सांगू. यांचा दिवस हिंदीत जातो, माझा इंग्रजीत. झोयाशी मराठीत बोलावं तर, "ममा, व्हाय डू यू केअर सो मच?" पुस्तकावरून मराठीत कडाकडा भांडायला मिळतं ते त्या एका मंडळात. तेही गेलं तर आई गेल्यापासून जे काही मराठी उरलंय...
जाऊ दे. बोलले तर मंडळ जाणार, गप्प बसले तर मी.

शुक्र., १४
ठरलं. सांदणं केली. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, साखर. ना मटण, ना अंडं. छान फुगली. ज्यूस नेणार नाही, प्लेटा नेणार नाही.

शनि., १५
डबा टेबलावर ठेवला. मेघनाताई: "अय्या भाभी, कशाला केलंत!"
मग लिहून नेलेलं बोलले. सगळ्या त्या मुलीसाठी हळहळल्या. सुलभाताईंनी डोळे पुसले. कुणी म्हणालं, "हे गोरे ना, मनाचे कोतेच." शेवटचं कागदावर नव्हतं. त्यांच्याकडे बघत म्हटलं, "ही मुलगी लांब टेक्ससमध्ये आहे म्हणून आपल्याला इतकी जवळची वाटते. इथे शेजारी येऊन बसली असती तर तिला आपण ज्यूस आणायला सांगितलं असतं. दुसऱ्याचं दुःख वाचताना आपण त्यात कुठल्या पानावर आहोत, तेही बघावं."
मग मेघनाताईंनी टाळ्या वाजवल्या. "वा! किती सुंदर मराठी बोलता हो भाभी तुम्ही!"
सगळ्यांनी वाजवल्या.
जेवताना सांदणं तशीच. "आज एकादशी ना," आणि हातात कोथिंबीरवडी. एकादशी आणि दुप्पट खाशी! सगळ्यांत धाकटी ऋता, तिने तेवढं एक उचललं. खाल्लंही, पण खिडकीकडे तोंड करून, कुणाला दिसू नये असं. ते मला जास्त लागलं.

रवि., १६
डबा फ्रिजमध्ये. झोयाने चार खाल्ली. "सो यम, ममा." मी एकही नाही खाल्लं.

बुध., १९
ग्रुपवर मेघनाताई: "पुढची बैठक कुणाकडे?" सगळ्यांच्या घरी फिरून झाली, माझं दार अजून कुणी पाहिलेलं नाही. लिहिलं, "माझ्याकडे, शारजाला. स्वयंपाक सगळा मी करणार. शाकाहारी भांडी वेगळी असतील, कोलंबीही असेल. कुणी काही आणायचं नाही."

गुरु., २०
सगळ्यांनी वाचलंय. उत्तर एकीचंही नाही. कुणीतरी सकाळी सुविचार टाकला, त्याला मात्र सात अंगठे.
संध्याकाळी ऋताचा फोन. "तुम्ही रागावलात का हो?" हो म्हटलं. मग, "मला यायचंय. सासूबाई आल्यात पुण्याहून... विचारून सांगते." इन्शाल्ला, म्हटलं. आणखी काय म्हणणार? पण तिने फोन तरी केला.
हे फोनवर म्हणतात, "नाही आल्या तर? एवढं रांधून ठेवशील कुणासाठी?"
रांधणार. झोयाला समोर बसवून त्याच कादंबरीवर मराठीत भांडीन, ती भांडू दे इंग्रजीत. पण ग्रुप मी सोडणार नाही. माझ्या पायांनी मी बाहेर पडायची नाही. काढायचंच असेल तर त्यांनी काढावं, सगळ्यांसमोर, माझं नाव घेऊन, मराठीत.