कंट्रोलचं कॉलेज

बाबा, तुमची परखी अजून माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. मोटारी वाइंडिंगला घेऊन येणारी नवी पोरं विचारतात, हे काय आहे काका, खंजीर आहे का? मी सांगतो, ही बंद पोत्यात खुपसायची, म्हणजे पोतं न उसवता आतले दाणे हातात येतात. कोणाची आहे ते सांगत नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्याबद्दल कोणाशी धड चांगलं बोललेलो नाही.

तुमसरच्या बाजारात तुमच्याइतका धान ओळखणारा दुसरा माणूस नव्हता, हे मात्र मान्य करतो. राइस मिलच्या शेठनं तुम्हाला त्याच कामाला ठेवलं होतं. शाळेला सुटी असली की मी तुमच्या मागं मागं फिरायचो. पोत्याच्या तोंडाशी असलेल्या दाण्याकडं तुम्ही बघायचातही नाही. "वरचा दाना दाखवाले रायते," असं म्हणून परखी थेट पोत्याच्या पोटात घालायचात. आलेले दाणे तळहातावर चोळायचे, फुंकर मारायची, एक दाताखाली धरायचा. कट्ट आवाज आला की माल सुका. तोवर गाडीवाला तुमच्या तोंडाकडं बघत उभा. तुम्ही एकदा मान हलवली की शेठसुद्धा वर काही बोलायचा नाही. मला त्या वयात तुमच्याशिवाय जगात कोणी मोठं वाटत नव्हतं.

मिलमधून सरकारला लेव्हीचा तांदूळ द्यावा लागायचा, तेव्हा त्यात कुठली पोती जाणार हेही तुम्हीच ठरवायचात. तुकडा जास्त, रंग उतरलेला, जरासा वास मारणारा, तो सरकारचा. तोच पुढं कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात यायचा, आणि गंमत अशी की तिथून आपल्याच घरी यायचा. आई सुपात खडे निवडता निवडता तुमच्या नावानं बोटं मोडायची. तुम्ही हसायचात. त्या हसण्यानंच माझं वाटोळं केलं असं मी पुढं चाळीसेक वर्षं म्हणत आलो.

बारावीला मला चांगले मार्क पडले आणि सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागल्याचं कार्ड आलं. पोस्टमननं ते अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं. तिथली वर्षाची फी तुमच्या एका पगारात भागली असती. पण नेमकी त्याच सुमाराला डोनेशनची कॉलेजं निघाली होती. शेठच्या पोराला मार्क नव्हते, म्हणून तो तसल्या एका नव्या कॉलेजात जायचा होता. त्या कॉलेजचं गुळगुळीत रंगीत पुस्तक शेठनं तुमच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, तुझा पोरगा तर माझ्या पोरापेक्षा हुशार, त्याला कुठं टाकून राहिलास?

ते पुस्तक घेऊन तुम्ही चुलीपुढं बसला आहात. आई भाताची पेज काढते आहे. हात पदराला पुसून ती एकेक पान उलटते, चित्रातली इमारत बघते आणि विचारते, "सरकारी काहून नोको जी? पोराचा नंबर लागला ना तिथं."

"सरकारच्या वाट्याले कोनता माल जाते, हे तू मले सांगतेस?" तुम्ही म्हणता. "उभी जिंदगी मीच काढून देऊन रायलो. शेठ आपल्या पोरासाठी पैसा देऊन घेऊन रायला, तो माल खराब असन का? कंट्रोलचा तांदूळ कसा रायते, तूच तर निवडतेस."

"तांदूळ वेगळा, शिक्षन वेगळं."

"सरकार तं एकच हाय ना!"

डोनेशन तुमच्या पगारातून होणारं नव्हतं. आंधळगावला तिच्या वडिलांनी तिला दिलेली धानाची बांधी, शेताचा एक तुकडा होता, तेवढी एकच वस्तू त्या बाईच्या नावावर होती. तुम्ही तिच्याकडं न बघता म्हणालात, "तुही बांधी हाय ना." तिनं पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि भात वाढायला घेतला. सरकारी कॉलेज तुम्ही नजरेनं पाहिलंसुद्धा नव्हतं. आयुष्यभर पोत्याच्या तोंडाशी न फसलेला माणूस एका रंगीत पुस्तकाला फसला.

पैसे भरायच्या आधी एकदा आपण दोघं ते कॉलेज बघायला गेलो. तुम्ही इस्त्रीचा सदरा घातला होता. माळावर एकटीच इमारत, नवा चुना, दारात कुंड्या. ऑफिसातला क्लार्क उभा राहून "या साहेब" म्हणाला. तुम्हाला साहेब म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, तुम्हीही पाहिला नसावा. तुम्हाला खुर्ची दिली, चहा दिला, आणि शिपाई मला एकट्याला आत फिरवून आणायला घेऊन गेला. आठ दिवसांत बांधी विकली गेली आणि सरकारी कॉलेजचं कार्ड फळीवर, आईच्या हळदीच्या डब्याखाली पडून राहिलं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला पुन्हा सांगायचं आहे. यंत्रं आज येतील उद्या येतील म्हणत दोन वर्षं गेली. शिकवायला येणारे महिन्याला बदलायचे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी विद्यापीठानं आम्हाला परीक्षेलाच बसू दिलं नाही, आणि संस्थेचे लोक ऑफिसला कुलूप लावून गेले. शेठचा पोरगा पुण्याला गेला, तिथं पुन्हा पैसे भरून इंजिनिअर झाला. मी ट्रंक घेऊन एसटीनं परत आलो. पावसाळा होता, घरी कोणी नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, आई आंधळगावला धानाच्या रोवण्याला गेली आहे, मजुरीनं. कोणाच्या बांधीत ते तिनं सांगितलं नाही. संध्याकाळी आई आली, पायांना चिखल वाळलेला, आणि माझी ट्रंक बघून एवढंच म्हणाली, "आपल्या बांधीत यंदा पानी मस्त हाय." ती विकलेल्या शेताला शेवटपर्यंत आपली म्हणत राहिली. त्या दिवसापासून मी तुमच्याशी कामापुरतं बोललो, हे तुम्ही ओळखलंच असेल.

मग हे वाइंडिंगचं दुकान. मिलच्या मोटारी, शेतावरचे पंप. बारावीला वर्गात माझ्या मागं बसणारा लाखांदूरकडचा एक पोरगा माझ्या रिकाम्या जागेवर सरकारी कॉलेजात लागला, मोठा साहेब झाला आणि रिटायरही झाला. गावी आला की पंप माझ्याकडंच टाकतो. चांगला माणूस आहे. तो गेला की मी परखीकडं बघतो आणि तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालतो.

हे सगळं आज लिहायला बसलो, कारण काल तुमच्या नातीबरोबर तिच्यासाठी कॉलेज बघायला गेलो होतो. तिचाही सरकारी कॉलेजात नंबर लागला आहे, पण खाजगीवाले रोज फोन करून बोलावत होते. दारात तसाच गोडबोल्या माणूस, तसाच चहा. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही इथंच बसा, मी आत पाहून येते." अर्ध्या तासानं आली आणि त्या माणसासमोरच म्हणाली, "चला बाबा. बिल्डिंग मस्त आहे, पण लॅबमध्ये निस्ते टेबल आहेत." चहा तसाच ठेवून मी तिच्या मागं बाहेर पडलो.

बाबा, तुम्हीही मला तेच करायला सांगितलं होतं. शिपाई मला न्यायला आला तेव्हा तुम्ही माझा दंड धरून कानाशी म्हणालात, "मले इथं काही समजत नाही. तू अंदर नीट पाहून ये. खराब असन तं सांग, आपन असेच उठून जाऊ." पोत्यात परखी घालावी तसं तुम्ही मला आत पाठवलं होतं. मी पाहिलं. लांबलचक खोल्या, भिंतीला निस्ती टेबलं, एका कोपऱ्यात सिमेंटची पोती. आणि व्हरांड्यात शेठचा पोरगा कॉलेजचा निळा टाय लावून उभा होता. मला तो टाय पाहिजे होता. बाहेर आलो तेव्हा तुम्ही साहेबासारखे खुर्चीत बसला होतात. मी म्हणालो, "एकदम चांगलं आहे."

शेवटच्या आजारात तुम्ही एकदा माझा हात धरून म्हणालात, "माह्याच्यानं चूक झाली, बापू. माल पायता नाही आला मले." आई पलीकडं बसली होती, तिनंही ऐकलं.

मी तुमची चादर नीट केली आणि काहीच बोललो नाही.