तिची जीप सकाळी सुरू व्हावी म्हणून

भद्रावती, शनिवार, दिवेलागणीनंतर

सुनीलची कॉलेजातली मैत्रीण मीरा नागपूरहून ताडोब्याला निघालीय. आज मुक्काम आमच्या अंगणात. जीपमागे झोपायची गाडी जोडलेली, आत दिवे, फ्रिज. वाटभर जीप चालूनही त्या मागच्या गाडीची बॅटरी भरलीच नाही, म्हणून सुनील संध्याकाळभर गाडीखाली आडवा.

"काऊन इतकी बारीक वायर टाकली? अर्ध्या रस्त्यातच करंट दम सोडते."

"तुलेच पहिले विचाराले पाहिजे होतं," ती हसून म्हणाली. टॉर्च तिच्या हातात. आमच्या घरी टॉर्च मी धरते.

माझ्या मिक्सरची वायर दिवाळीपासून चिकटपट्टीवर आहे. तेही लिहून ठेवते. एका टॉर्चसाठी इतकी जळते मी?

जाड वायर टाकून दोघं चहाला आत आली. दोन्ही गाड्यांना जोडणारा प्लग मात्र तसाच राहिला, आणि फ्रिज चालू. म्हणजे रात्रभर तो फ्रिज जीपचीच बॅटरी पिणार, सकाळी जीप सुरू होणार नाही, आणि मीरा उद्याही इथंच. मी अनवाणीच गेले नि प्लग उपसला.

वळले तर सुनील मागे उभा. "तुले कसं समजलं बाप्पा?"

"इतकी वर्षं टॉर्च धरून राह्यली ना मी."

किती कौतुकानं पाहिलं त्यानं. त्याला वाटलं, पाहुणीची काळजी म्हणून केलं.

वाटू दे.