दगडाजवळची काळी माती

५ मार्च
कडुनिंबाची पानगळ सुरू झाली. घरामागच्या जागेत ढीग केला आणि काडी लावली. कमल गेल्यापासून दोन वर्षं हेच चाललं आहे. ती असती तर एक पान जळू दिलं नसतं. सगळं खड्ड्यात. वर शेण, भाजीची देठं, मग माती. साकोलीकडची पोरगी, धानाच्या बांधीत वाढलेली. चरोद्याच्या या मुरमात तिनं माती तयार केली. मी एकतीस वर्षं भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला कोळसा भाजला.
सुजाता दुर्गहून आली तेव्हा धूर उठतच होता. गाडीवरून उतरायच्या आधीच बोलली, "बाबा, कावून जाळून राहिले? आईनं पाहिलं असतं तं?" म्हटलं, आई पाहत नाही.

८ मार्च, रविवार
कॉलनी समितीची मीटिंग. मागची जागा कागदावर कॉलनीची आहे, हे तीस वर्षांत कोणाला आठवलं नव्हतं. आता दारोदारी कार आल्या तशी आठवली. पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं म्हणतात. कडुनिंब जाणार, आंबाही. अध्यक्ष साहूजी, समोरच्या लाइनीतले. त्यांची यादी: पानं फार पडतात, साप निघतात, आणि पानं तर तुम्हीच जाळता, धूर आमच्या घरात येतो. शेवटचं खरं होतं म्हणून जास्त झोंबलं.
मी म्हटलं, हे सगळं माझ्या बायकोनं केलेलं आहे. साहूजी हात जोडून म्हणाले, भाभीजी का हम सब आदर करते हैं. आदर करतात आणि सिमेंट टाकतात.
निर्णय २९ तारखेला.

११ मार्च
सु.ला सांगितलं. तिचं कामच हे. शहरातल्या मातीत कार्बन किती मुरतो, किती उडून जातो, यावर पीएच.डी. चालू आहे. दुर्ग-भिलाईभर माती गोळा करत फिरते. बागेतली, रस्त्याकडेची, फरशीखालची. म्हणाली, आपलीही घेऊ, आकडा चांगला आला तर समितीपुढे ठेवता येईल.
मग मला समजावत बसली. पान मातीत गेलं की त्यातला कार्बन काही वर्षं तिथे थांबतो, जाळलं की त्याच दिवशी हवेत. फरशी टाकली की वरून काही पडत नाही, खालची माती उपाशी राहते. माझ्या पगारावर शिकलेली पोरगी मला धुराचं शिकवते. ऐकून घेतलं. करतो काय.

१४ मार्च
नमुने घेतले. लोखंडी नळी ठोकायची, फिरवून वर काढायची, माती पिशवीत. हातोडा मी मारला. तीन जागा तिनं निवडल्या, चौथी मी दाखवली. नळाजवळ, आंब्याच्या आळ्याला लागून, कमलचा कपडे धुवायचा दगड आहे तिथली. सगळ्यात काळी. मुठीत घेतली तर बोटं काळी होतात.
"इथली घे," म्हटलं. "तुह्या आईची खरी माती हे आहे."
सु.नं पिशवीवर ४ लिहिलं. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

२० मार्च
आकडा आला. सु.नं आजवर तपासलेल्या सगळ्या जागांत आपली पहिली. शहरातल्या मोठ्या बागेच्याही कितीतरी वर. तिथे पानं रोज झाडून ट्रॉलीत भरून नेतात, मातीला काय मिळणार. तिनं कागद करून दिला. खाली सही, नाव, सुजाता रामटेके.
तडक साहूजींकडे. त्यांनी चष्मा लावला, 'पहिला क्रमांक' वर थांबले, कशात ते विचारलं. पूर्ण शहरात आपली माती नंबर वन म्हटल्यावर चेहराच बदलला. बोर्ड लगवाएँगे, अखबार में फोटो आ सकता है. पार्किंगचं मग बघू. सापाचं नाव नाही, पानांचं नाव नाही.
घरी येऊन कागद कमलच्या फोटोपुढे ठेवला. रडलो. लिहायला लाज कसली.

२३ मार्च
सु.चा फोन. तिच्या पीएच.डी.च्या गाइड मॅडमना चौथी पिशवी खटकली. पहिल्या तीन ठीकठाक, चौथीनंच सरासरी वर ओढली आहे. भिंगाखाली काळे चमकणारे दाणे दिसतात म्हणे, टोकदार. "बाबा, आईनं तिथं कोळसा-गिळसा टाकला होता का?"
नाही म्हटलं. तिनं टाकला नव्हताच.
फोन ठेवला आणि कळलं.

२४ मार्च
ड्युटीवरून आलो की पुढच्या दारानं आत यायची बंदी होती मला. मागून यायचं, दगडापाशी कपडे उतरवायचे. कमल ते आधी काठीनं झटकायची, मग दगडावर आपटायची. पहिलं पाणी कोळशानं शाईसारखं निघायचं. नालीत सोडलं की नाली तुंबायची, म्हणून आंब्याच्या आळ्यात सोडायची. दुसरं पाणी पण तिथेच. या घरात आल्यापासून रिटायर होईपर्यंत, आठवड्याचे सहा दिवस.
ती कमलची माती नव्हे. माझी आहे.
आणि पोरीला मीच तिथे नेलं. बोट दाखवून.

२६ मार्च
सांगितलं. दोन दिवस लागले तोंड उघडायला. फोनवर जमलं नसतं म्हणून सकाळच्या लोकलनं दुर्गला गेलो. कॉलेजच्या कँटीनमध्ये बसलो. सु. चिडली नाही, ते जास्त लागलं. उलट म्हणाली की तिलाच आठवायला हवं होतं. लहानपणी त्या काळ्या पाण्यात पाय बुडवून बसायची, आई रागवायची.
तोवर तिनं आणि मॅडमनी पुन्हा तपासलं होतं. माती तापवली की कमी आचेवर आधी पानांचा कार्बन जळून जातो, कोळशाचा जळायला जास्त आच लागते. चौथ्या पिशवीत पानांचं थोडंच निघालं. बाकी सगळं माझ्या कपड्यांवरून आलेलं.
विचारलं, उरलेल्या तीन पिशव्या? चांगल्या आहेत, म्हणाली. बागेपेक्षा कमी नाहीत, पण पहिला नंबर नाही. आणि वरचा थर पातळ पडत चालला आहे, दोन वर्षांत नवीन काही पडलेलं दिसत नाही. माझ्याकडे न बघता बोलली.
मग विचारायला नको ते विचारलं. पेव्हर टाकले तर खालचं किती टिकेल?
"आईचं जाईल, बाबा. मातीतले किडे-जंतू खात खात ते हवेत सोडून देतात. वरून नवीन पडलं नाही तं संपते. तुमचं नाही जात. कोळसा शेकडो वर्षं तसाच राहते."
तिनं केलेलं जाणार, मी आणलेलं राहणार. लोकलमध्ये जागा होती तरी चरोद्यापर्यंत उभाच आलो.

२७ मार्च
सु.नं चौथी पिशवी वगळून नवा कागद पाठवला. जुना फाडून टाका म्हणाली. तिच्या सहीचा आहे. असा चुकीचा कागद मीटिंगमध्ये वाचला गेला आणि मॅडमच्या कानावर गेला, तर सगळ्या कामावर शंका येईल. चार वर्षांचं काम.
संध्याकाळी साहूजी आले. त्यांना नवा कागद दाखवला, सगळं सांगितलं. दगड, पाणी, कपडे. त्यांनी वाचून, नीट घडी घालून परत दिला. "रामटेके जी, ठीक-ठाक पर कोई नहीं रुकेगा. लोग पार्किंग ही माँगेंगे. पहले वाला दे दीजिए, मैं वही पढ़ दूँगा. माटी से कौन पूछने जा रहा है."
चहा पिऊन गेले. वाईट माणूस नाही. मदतच करत होता.

२८ मार्च
पेव्हरची पहिली ट्रॉली आंब्याखाली उतरली. अजून ठरलं नाही म्हटलं, तर ड्रायव्हर म्हणतो, "मोला तो इहें उतारे बर कहे हें." त्याला इथेच उतरवायला सांगितलंय, त्याच्याशी काय भांडणार. कोणी सांगितलं तेही त्याला माहीत नाही. एक रास कमलच्या दगडाला टेकून लावली आहे.
दुपारी सु.चा फोन. फाडला का? फाडतो म्हटलं. मग म्हणाली, आंबा मलाही पाहिजे, बाबा. आणि ठेवला.

२९ मार्च, रविवार
मीटिंग अकराला.
सकाळी झाडलं. ढीग केला, सवयीनं काडीपेटी काढली, परत ठेवली. कमलचा खड्डा उकरला. दोन वर्षांत दगडासारखा झाला होता, लोखंडी सब्बल लागली. तीन टोपल्या पानं गेली. शेण नव्हतं, नुसती माती ओढली वर. संध्याकाळी इथे पार्किंगचं ठरलं असेल तर त्या तीन टोपल्यांचा काही उपयोग नाही, हे मलाही कळतं. कंबर धरली आहे.
दगडावर हात धुतले. पाणी आळ्यातच गेलं.
नवा कागद शर्टाच्या खिशात आहे. जुना फोटोमागे, अजून अख्खा. साहूजी फाटकाशी उभे राहून आवाज देताहेत, चलिए रामटेके जी, वो कागज़ रख लीजिएगा. आलो म्हटलं.
सु.ची सही की आंबा. कमलला विचारलं असतं तर माझ्यावरच चिडली असती, की असलं विचारतोस कसं. पोरगी तिनंच वाढवली आणि आंबाही तिनंच.
पुन्हा आवाज आला. फोटो भिंतीवरून उतरवला आहे.